केमो-रेडिएशनच्या काळात वजन टिकवणं : आपल्याच घरातले जिन्नस, मापासकट

कोयनाकाठ

कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिली चर्चा होते ती काय बंद करायचं याची. साखर बंद, दूध बंद, गहू बंद, रात्रीचं जेवण बंद. आठ दिवसांत पेशंटचं ताट निम्मं होतं आणि उपचार अजून सुरूही झालेले नसतात. म्हणून हा धागा. इथे 'किती खायचं' ते लिहू या, ग्रॅममध्ये आणि वाटीत. सातारा-सांगलीच्या घरात जे असतं त्यातूनच.

वजन टिकवायचं ते दिसायला बरं म्हणून नव्हे. केमोच्या बऱ्याच औषधांचा डोस उंची आणि वजनावरून ठरतो. स्नायू झिजले की तोच डोस अंगाला जड जातो, पांढऱ्या पेशी वेळेत भरून येत नाहीत आणि केमोची पुढची खेप (सायकल) लांबवावी लागते. तोंड-घशाच्या रेडिएशनला चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क बनवतात. गाल-मान उतरली की तो सैल पडतो. मग नवा मास्क, पुन्हा सीटी स्कॅन, पुन्हा रेडिएशनचं प्लॅनिंग.

माप असं धरा. दर किलो वजनाला दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला साधारण १३७५ ते १६५० कॅलरी आणि ६६ ते ८२ ग्रॅम प्रथिनं. कॅलरी कशाबशा जमतात, प्रथिनं जमत नाहीत. दोन भाकरी, आमटी, भाजी, थोडा भात असं दोन वेळचं जेवण आणि दोन चहा, एवढ्यात प्रथिनं चाळिशीच्या आसपास अडकतात. खरं काम उरलेल्या तीस ग्रॅमचं आहे.

ज्यांची किडनी किंवा लिव्हर आधीच कमजोर आहे त्यांनी हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत.

मिरज वॉर्ड

कोयनाकाठ ताई, वजन कसं करायचं तेही लिहायला हवं. निम्म्या वह्यांत आकडे चुकीचे असतात. एकदा घरच्या काट्यावर, एकदा मेडिकलच्या दुकानात, एकदा जेवून, एकदा स्वेटर घालून. त्यातून काही कळत नाही.

एकच काटा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत. फरशी सपाट हवी, काट्याखाली सतरंजी नको. आकडा फाइलच्या मागच्या पानावर लिहा, म्हणजे तो डॉक्टरांच्या समोर जातो.

धोक्याचे आकडे : आठवड्यात २ टक्के, महिन्यात ५ टक्के, सहा महिन्यांत १० टक्के. म्हणजे ६० किलोचा माणूस महिन्यात ५७ वर आला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, फोन करायचा.

दुसरी बाजूही सांगते. वजन तेवढंच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पोटात किंवा पायात पाणी झालं की काटा तसाच राहतो आणि आतून मांस झिजत जातं. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून बघा, खळगा राहिला तर सूज आहे. दंड, कानशिलं आणि गळ्याखालची हाडं बघा. ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या, घड्याळ मनगटावर फिरायला लागलं, तर काट्यापेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

माणदेशी

गावात आशा सेविका ताईंबरोबर पेशंटच्या घरी जाणं होतं, त्यातले प्रश्न विचारतो. एक, साखरेवर कॅन्सर वाढतो म्हणून गोड पूर्ण तोडलेलं असतं, त्यावर काय सांगायचं? दोन, पावडरचे डबे परवडत नाहीत. हुलगा, शेंगा, ज्वारी घरची आहे, एखादी म्हैस आहे. त्यातून काय बसवता येईल?

कोयनाकाठ

माणदेशी दादा, साखरेचं आधी. गाठीतल्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात, हे खरं आहे. पण ग्लुकोज मेंदू, रक्तपेशी आणि स्नायूही वापरतात. ताटातली साखर काढली म्हणून गाठीचा पुरवठा तुटत नाही, शरीर स्नायू मोडून ग्लुकोज तयार करतं. उपाशी राहतो तो माणूस. मधुमेह असेल तर साखर सांभाळायचीच, पण ते मधुमेहासाठी. आणि तिथे गूळही साखरेसारखाच मोजायचा. 'गूळ चालतो' हा समज शुगर वाढवून ठेवतो.

आता दुसरा प्रश्न, त्यावर सविस्तर लिहिते. हुलग्याचं माडगं तुमच्याकडे घरोघरी होतं. तेच जरा घट्ट आणि दुधातलं करायचं.

हुलगे मंद आचेवर खमंग भाजा, पण काळे होऊ देऊ नका, करपले की कडू लागतात. गार करून बारीक दळा आणि चाळा. एका वेळी पीठ २५ ग्रॅम, म्हणजे पोह्याचे अडीच चमचे सपाट. ते अर्धी वाटी गार पाण्यात कालवून घ्या. थेट गरम दुधात टाकलं तर गुठळ्या होतात आणि तोंड सोललेल्या माणसाला गुठळी गिळवत नाही. म्हशीचं २०० मिली दूध उकळून त्यात हे कालवण ओता आणि सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. कच्चट वास गेला पाहिजे. खाली उतरवून कोमट झाल्यावर १५ ग्रॅम गूळ आणि एक छोटा चमचा तूप. गूळ उकळत्या दुधात घातला तर दूध फाटतं, म्हणून शेवटी. एवढ्या एका वाडग्यात जवळपास ४०० कॅलरी आणि १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात.

पोट बिघडलेलं असेल किंवा गॅस धरत असेल तेव्हा हुलगा नको. त्याच मापात नाचणीचं पीठ आणि वर दोन चमचे दूध पावडर. नाचणीत प्रथिनं हुलग्याच्या निम्म्याहूनही कमी, ती कमतरता पावडर भरून काढते.

५५ किलोच्या, दात-गळा ठीक असलेल्या माणसाचा दिवस असा बसतो :

सकाळी सातला २०० मिली दूध आणि त्यात १५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर. चहाच्या जागी हे, चहा नंतर. नऊला दोन उकडलेली अंडी आणि तूप लावलेली लहान चपाती. अकराला शेंगदाण्याचा लाडू, ३० ग्रॅमचा. एकला एक भाकरी, तीस ग्रॅम डाळीचं दाट वरण, एक वाटी दही आणि दोन छोटे चमचे तूप. चारला वरचं माडगं. रात्री आठला तांदूळ आणि मूगडाळ समसमान घेऊन केलेली मऊ खिचडी, वर तूप.

बेरीज केली तर १८०० च्या थोडी वर कॅलरी आणि सत्तरीच्या पुढे प्रथिनं. गरजेपेक्षा जास्त मुद्दाम ठेवलंय, कारण ताटातलं काहीतरी रोज परत येतंच. अंडी न खाणाऱ्या घरात नऊ वाजता ६० ग्रॅम पनीर, कुस्करून.

आणखी एक. खिचडीत डाळ तांदळाइतकी घ्या. आपल्याकडे पेशंटची खिचडी म्हणजे नुसता पिवळा भात असतो.

येरळाकाठ

शेंगदाण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पावसाळ्यात पोत्यात ओल धरलेले, सुरकुतलेले, आतून काळपट किंवा हिरवट, चवीला कडू दाणे निवडून टाका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन असतं, ते लिव्हरवर जातं आणि भाजल्यानं पूर्ण जात नाही. 'भाजून कूट केलं की चालतंय' असं म्हणून वाईट दाणे खपवले जातात. पेशंटसाठी दाणे वेगळे निवडा. कूट आठवड्यापुरतंच करा, नाही तर खवट होतं.

कुटाचा उपयोग मात्र भरपूर आहे. दोन मोठे चमचे म्हणजे २० ग्रॅम : ११० कॅलरी, पाच ग्रॅम प्रथिनं. आमटीत, दह्यात, ताकातल्या ज्वारीच्या कण्यांत, कुठेही जातं. ताट मोठं दिसत नाही आणि पोटात जास्त जातं. पेशंटला भरलेलं ताट बघूनच नको होतं, तेव्हा लहान वाटी आणि दर दोन-अडीच तासांनी, हेच बरं.

पसरणी घाट

वाईकडचा वाघ्या घेवडा कोयनाकाठ ताईंच्या यादीत बसवता येतो का? आणि मोड आलेली मटकी? प्रथिनांसाठी मोड आलेली कडधान्यं कच्ची द्या, असं सगळीकडे सांगतात.

मिरज वॉर्ड

घेवडा चालेल, रात्रभर भिजवून कुकरला अगदी मऊ शिजवून, सालासकट बाधत असेल तर घोटून गाळून.

कच्ची मोडाची मटकी मात्र नको, पसरणी घाट. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते, आणि ते धुऊन निघत नाहीत. मटकी खायची तर उसळ, पूर्ण शिजवलेली.

त्या दिवसांत नको असलेल्या गोष्टी : न तापवलेलं दूध, अर्धकच्चं अंडं, गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस, बाहेरच्या चटण्या, काल रात्रीचा भात, गव्हांकुराचा कच्चा रस. विहिरीचं किंवा आडाचं पाणी खळखळ उकळून गार करून. द्राक्षं घरची असली तरी मणी सुटे करून वाहत्या पाण्यात नीट धुवायची. पेशी फार खाली असतील तेव्हा केळ, मोसंबी अशी जाड सालीची फळं घ्या, तीही धुऊन मग सोला. बेदाणे गरम पाण्यात धुऊन, भिजवून.

पण म्हणून सगळी फळं-भाज्या बंद करणं हेही चूक. फार कडक निर्जंतुक आहारानं जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. स्वच्छ धुतलेलं, ताजं शिजवलेलं, दोन तासांच्या आत खाल्लेलं, एवढं पाळलं तरी पुरतं.

आणि १००.४ फॅरनहाइट ताप आला तर घरात पॅरासिटामॉल देऊन रात्र काढायची नाही. त्याच वेळी दवाखान्याला फोन. गोळीनं ताप उतरतो, आतला संसर्ग वाढतच असतो.

माणदेशी

तोंड आलेल्या पेशंटला काय? ठेचा नाही म्हणून जेवणच नको म्हणतात.

मिरज वॉर्ड

तोंड-घशाच्या रेडिएशनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, शेवटी सर्वांत जास्त असतं आणि उपचार संपल्यावरही दोन आठवडे तसंच राहतं. 'रेडिएशन संपलं, आता खाईल' असं धरून चालू नका, तिथेच वजन उतरतं.

गुळण्या : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ आणि एक सपाट छोटा चमचा खायचा सोडा. रोज नवं पाणी. जागेपणी दर चार तासांनी, शिवाय प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना. गिळायचं नाही. बाजारचं झोंबणारं, स्पिरिटवालं माउथवॉश नको. वेदनेचं औषध किंवा बधिर करणारं जेल लिहून दिलं असेल तर जेवणाच्या आधी वापरायचं, किती आधी ते चिठ्ठीवर लिहून घ्या. जेवून झाल्यावर घेतलं तर काय उपयोग.

खाणं कोमट. गरम नाही. तिखट, आंबट, कुरकुरीत काही नाही. भडंग, भाकरीचा पापुद्रा, लिंबू, टोमॅटो, चिंच बाजूला. भाकरी हवीच असेल तर दुधात किंवा डाळीच्या पाण्यात पूर्ण भिजवून कुस्करून, आणि कडा काढून. तिखटाची चव हवी तर जिरं-धने, चिमूटभर हिंग आणि तूप वापरा. झोंबत नाही आणि वास येतो. लाळ आटली असेल तर सगळं रस्सेदार, आणि चिकट मिठाई टाळा, दात पटकन किडतात.

मिश्री-तंबाखू सुटली नसेल तर या सगळ्याचा उपयोग निम्मा होतो. हे सांगावंच लागतं.

कोयनाकाठ

मळमळीचं राहिलं. फोडणीच्या वासानं पेशंटला उलटी येते, म्हणून पेशंट मागच्या खोलीत असताना खिडकी उघडून फोडणी करा. गरम वाफेचं ताट पुढे ठेवण्यापेक्षा निवलेलं द्या, वास कमी येतो : दहीभात, गार खीर, निवलेली इडली. उठल्याबरोबर दोन घास ज्वारीच्या लाह्या किंवा कुरमुरे कोरडे. पाणी जेवणाबरोबर नको, मधल्या वेळात घोट-घोट. उलटीची गोळी उलटी झाल्यावर घेऊ नका, चिठ्ठीत लिहिलेल्या वेळेला घ्या. आणि पेशंटचा सर्वांत आवडता पदार्थ केमोच्या दिवशी करू नका. मळमळ त्या पदार्थाला चिकटते आणि नंतर कित्येक महिने तो नकोसा होतो.

तोंडाला लोखंडी चव येत असेल तर स्टीलऐवजी काचेची वाटी आणि प्लास्टिकचा किंवा लाकडी चमचा. मटण कडू लागलं तर अंडी, पनीर, डाळ.

ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर डोसनंतर चार-पाच दिवस फ्रिजचं काही नको. गार पाण्यानं घसा आवळल्यासारखा होतो आणि बोटांना मुंग्या येतात. तिथे वरचा गार खाण्याचा सल्ला लागू नाही, कोमटच द्यायचं.

औषधवाला

इथे हळदीचा विषय निघणारच, सांगली आहे. आमटी-भाजीतली पाव-अर्धा चमचा हळद बिनधास्त. अडचण आहे ती मिरीच्या अर्कासह येणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलची. मिरीचा घटक हळदीचं शोषण खूप वाढवतो आणि लिव्हरमध्ये इतर औषधं कशी मोडतात त्यातही ढवळाढवळ करतो. अशा जादा डोसाच्या कॅप्सूलनी लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन जवळ असेल तर रक्तस्रावाचाही धोका आहे.

गुळवेलीचा काढा, तसंच : लिव्हर बिघडल्याच्या नोंदी भारतातल्याच डॉक्टरांनी केल्या आहेत. लक्ष्मणफळाच्या पानांत मज्जातंतूंना अपाय करणारा घटक असतो, आणि काही केमोनं हातापायाला आधीच मुंग्या येत असतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, तोंडाने घ्यायची कॅन्सरची गोळी चालू असेल तर विचारूनच खा.

लपवून देऊ नका, एवढीच विनंती. घरचे 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून सांगत नाहीत आणि रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे वाढले की केमो थांबते, कारण सापडत नाही.

पसरणी घाट

अन्नासाठी नळी बसवलेल्यांना घरचं काय आणि कसं द्यायचं, कुणी नीट लिहील का? दवाखान्यातून घाईत सांगतात.

येरळाकाठ

लिहितो. नाकातली नळी धरून. पोटातून बसवलेलीला बरंच तसंच.

एका फीडचं माप : २०० मिली तापवून गार केलेलं दूध, त्यात २० ग्रॅम भाजक्या डाळ्याचं किंवा नाचणीचं पीठ शिजवून, १० ग्रॅम दूध पावडर, १० ग्रॅम साखर, एक छोटा चमचा तेल. मिक्सरमधून काढून आधी बारीक गाळणीतून, मग धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं वगळलं की दोन दिवसांत नळी तुंबते. दिवसाला सहा-सात फीड, शिवाय मध्ये पाणी. नेमकी संख्या आहारतज्ज्ञांकडून घ्या. शुगर असेल तर साखर त्यांना विचारून.

देताना पेशंट उठून बसलेला किंवा डोकं-पाठ ४५ अंशांत. नाकाजवळ नळीवरची खूण बघा, ती जागेवरून सरकलेली दिसली तर फीड द्यायचंच नाही. आधी ३० मिली पाणी. मग सिरिंजचा दांडा काढून नुसत्या नळकांड्यातून, उंचीवरून आपोआप उतरू द्या. १५-२० मिनिटं लागली पाहिजेत. दांडा दाबून ढकललं की पोट फुगतं, उलटी होते आणि ती फुफ्फुसात जाऊ शकते. शेवटी पुन्हा ३० ते ५० मिली पाणी, आणि अर्धा-पाऊण तास आडवं पडायचं नाही. मध्येच खोकला, धाप लागली, चेहरा निळसर झाला तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

फीडमध्ये लिंबू किंवा आंबट फळाचा रस दुधाबरोबर घालू नका, नळीतच दही होतं. केलेलं फीड बाहेर दोन तासांच्या वर नको. फ्रिजमध्ये २४ तास, आणि देताना गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं, उकळायचं नाही.

तुंबली तर कोमट पाणी सिरिंजनं हळूहळू आत-बाहेर. तार घालायची नाही, जोर लावायचा नाही.

औषधवाला

येरळाकाठ दादांच्या पोस्टला जोडतो : गोळ्या फीडमध्ये मिसळू नका. एकेक गोळी वेगळी कुटून, १५-२० मिली पाण्यात विरघळवून, दोन गोळ्यांच्या मध्ये पाणी. 'एसआर', 'एक्सआर' (हळूहळू सुटणारी) किंवा आतड्यात विरघळणारी लेपाची गोळी कुटायची नाही. दिवसभराचा डोस एकदम सुटतो, किंवा पोटातल्या आम्लात औषध वाया जातं. बदली पातळ औषध आहे का ते दुकानात विचारा.

कोयनाकाठ

नळीचा विषय आहे तर महत्त्वाचं. पाच दिवसांहून जास्त ज्याच्या पोटात जवळपास काही गेलेलं नाही, त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण सहा-सात फीड देऊ नका. बरेच दिवस उपाशी शरीराला एकदम भरपूर मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत शिरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी रक्ततपासणी, थायमिन (व्हिटॅमिन बी१), मग निम्म्याहून कमी मापानं सुरुवात आणि काही दिवसांत वाढवत जाणं. हे दवाखान्याच्या नजरेखालीच.

माणदेशी

जाडजूड पेशंटचं काय? स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांचं वजन उलट वाढतं.

कोयनाकाठ

हो, वाढतं. केमोबरोबर देतात त्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं भूक आणि शुगर वाढते, हालचाल थांबते, आणि येणारा-जाणारा पेढ्याचा बॉक्स घेऊन येतो. तरी उपचार चालू असताना वजन उतरवायचा डाएट नको. उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. ध्येय वजन आहे तिथे धरून ठेवायचं. प्रथिनं तशीच ठेवा; तळण, फरसाण, गोड चहाचे जादा कप कमी करा. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. स्टेरॉइडची गोळी सकाळी चालेल का ते विचारा, रात्री घेतली की झोपही जाते आणि रात्री दोनला डबे उघडतात.

ऑपरेशन ठरलेलं असेल आणि दोन-तीन आठवडे हातात असतील तर हेच, वर तीन गोळ्यांच्या उपकरणातून श्वास आत ओढण्याचा फुफ्फुसांचा व्यायाम. एकादशी-श्रावणातले उपास या काळात सोडायला घरातल्या मोठ्यांनीच सांगावं, पेशंट स्वतः सोडत नाही.

माणदेशी

शेवटचं. आटपाडी, जत, दहिवडीहून पहाटेच्या एसटीनं लोक उपाशीपोटी निघतात, 'रक्त द्यायचंय' म्हणून. परतेपर्यंत संध्याकाळ.

मिरज वॉर्ड

हे थांबवता येतं. पेशींची तपासणी, किडनी-लिव्हरच्या नेहमीच्या तपासण्या, यांना सहसा उपाशी राहावं लागत नाही. उपाशी लागतं ते उपाशीपोटीच्या शुगरला, पेट स्कॅनला, काही सोनोग्राफींना, भूल द्यायची असेल तेव्हा. आदल्या दिवशी फोन करून 'या तपासणीला उपाशी यायचं का' एवढं विचारून घ्या. उपाशी यायचंच असेल तर नंबर पहिला मागा आणि डबा बरोबर ठेवा.

डब्यात : दोन शेंगदाणा लाडू, दोन उकडलेली अंडी सालासकट, तूप लावलेल्या दोन मऊ चपात्या, दोन केळी, उकळलेल्या पाण्याची बाटली, एक ओआरएसचं पाकीट. पाकीट पूर्ण, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचं, ग्लासात अर्धं नाही. दहीभात उन्हाळ्यात नको, पाच-सहा तासांत आंबतो. अंडी सकाळी उकडलेली असतील तर आधी ती संपवा, लाडू परतीच्या एसटीत.